स्त्रियांची बेकारी कशी मोजावी?

सरकारी श्रमबल-पाहणीप्रमाणें २०२३-२४ सालीं पंधरा व त्यावरील वयाच्या स्त्रियांत बेकारी शेंकडा ३.२ होती. आंकडा गोड खरा. पण बेकार कोणास म्हणावें? जी काम शोधते वा करावयास सिद्ध असते, परंतु जिला तें मिळत नाहीं, तिलाच. शोधून थकून चुलीपाशीं परतलेली स्त्री या गणनेंतून गळते, आणि बेकारी घटल्यासारखी दिसते! उलट घरच्या शेतांत बिनमजुरीनें राबणारी कामकरी ठरते. यास्तव श्रमबलांत किती स्त्रिया आहेत, हेंही सोबत पाहिलें पाहिजे. २०१७-१८ सालीं त्या शेंकडा २३.३ होत्या, २०२३-२४ सालीं ४१.७. पैकीं मजुरी कितींच्या हातीं पडते? पालकहो, आपली कन्या परीक्षा उतरून घरीं बसली, तर तिचें नांव कोणत्या रकान्यांत पडेल?