चौघी, पण गाडी एक



अष्टमी-चतुर्दशीला मंदिराबाहेरच्या गाड्या पाहा. कितीतरी गाड्यांतून एकेकच जण उतरते. मी कॉमर्सची, म्हणून हिशोबच मांडते. कोल्हापूरहून कुंभोज-बाहुबलीला जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर धरा. लिटरला १५ चे अॅव्हरेज म्हणजे ४ लिटर पेट्रोल, ४०० च्या वर रुपये आणि सुमारे ९ किलो कार्बन डायऑक्साइड. चौघी चार गाड्यांनी गेलो तर सगळेच चौपट. एकाच गाडीत बसलो तर प्रत्येकीला शंभरेक रुपये. एसटीत तर मार्च २०२३ पासून आपल्याला निम्मेच तिकीट लागते.

तरी "एसटीने आलात?" असे कुणी विचारले की आपल्याला कमीपणा वाटतो. का वाटावा? आपले मुनी, आर्यिका माताजी तर पायी विहार करतात. आपल्याला ते झेपणार नाही. पण निष्कारण होणारी हिंसा टाळायला अनर्थदंडव्रत सांगतेच ना? तीन सीट रिकाम्या नेणे हे मला तरी त्यातलेच वाटते.

गुडघे दुखतात, बसची वेळ जमत नाही, तेव्हा गाडी जरूर काढावी. फक्त आदल्या रात्री शेजारणींना एक फोन करावा: "उद्या निघतेय, जागा आहे, येता का?"