कडक स्प्रिंगचा आग्रह कशासाठी?

स्पोर्ट्स कारला कॉइलओव्हर बसवायचे ठरले की पहिला प्रश्न स्प्रिंगचा निघतो, आणि त्याचे उत्तर बहुतेकांनी आधीच ठरवलेले असते: जितकी कडक तितकी चांगली. शर्यतीच्या गाड्या कडक असतात, ट्रॅकवर वेळ वाचवायचा तर गाडी वळणात झुकता कामा नये, आणि रस्त्यावर कंबरेला गचके बसले तर ती वेगाची किंमत समजून सोसावी, असा हा पूर्वपक्ष. त्याला विरोध करणारेही सहसा आरामाच्या बाजूने बोलतात. गाडी जरा मऊ ठेवा, थोडी हळू धावेल पण अंग ठेचणार नाही, असे ते म्हणतात. म्हणजे कडक गाडी वेगवान असते हे दोघांनाही मान्य! माझा आक्षेप नेमका या गृहीतकावर आहे. जी गाडी एरवी रस्त्यावर चालते, अधूनमधून ट्रॅकवर जाते आणि दोन्हीकडे रस्त्याचेच टायर वापरते, तिची स्प्रिंग इतकीच कडक असावी की वळणात आणि ब्रेक दाबल्यावर गाडी बंप स्टॉपरवर टेकू नये आणि चाकांचा कोन हाताबाहेर जाऊ नये. त्यापुढे वाढवलेला कडकपणा पकड कमी करतो. रस्त्यावर तर करतोच, बऱ्याच ट्रॅकवरही करतो.

पूर्वपक्षाचा सगळ्यात आवडता आधार असा की कडक स्प्रिंगमुळे वळणात आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर कमी सरकते. हे खरे नाही. किती वजन सरकणार हे गाडीचे वस्तुमान, वळणातले आडवे त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर या चार गोष्टींवर ठरते. स्प्रिंगला त्यात स्थान नाही. उदाहरण म्हणून २०१२ साली आलेली टोयोटा ८६ घेऊ. भारतात ती अधिकृतपणे विकली गेली नाही, पण जपान, ब्रिटन, अमेरिकेतल्या ट्रॅक-डेला ती हमखास दिसते, आणि तिचे मोजमाप सर्वांना ठाऊक आहे. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६० मिलिमीटरवर आहे, चाकांमधले अंतर सरासरी १.५३ मीटर आहे, आणि चालकासह वजन १,३१० किलो धरले तर १ जी इतक्या आडव्या त्वरणाला सुमारे ३९० किलो वजन बाहेरच्या बाजूला जाते. स्प्रिंग ५ किलो प्रति मिलिमीटरची असो की १५ किलोची, हा आकडा तोच राहतो. गाडी झुकल्यामुळे गुरुत्वमध्य थोडा बाहेर जातो हे कबूल, पण तीन अंशांच्या झुकावात त्याची भर पंधरा-वीस किलोंच्या घरात असते. स्प्रिंगने बदलते ते एवढेच, की सरकलेल्या वजनातला किती वाटा पुढच्या धुरीने उचलायचा आणि किती मागच्या. त्यावरून वळणात आधी नाक बाहेर पळते की शेपूट, हे ठरते. ही मोलाची गोष्ट आहे, पण ती तोल साधण्याची गोष्ट आहे. त्यातून एकूण पकड वाढत नाही.

पकड कुठून येते हे पाहिले तर वाद उलट्या दिशेला वळतो. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून एकाच टायरवर भार सारखा वर-खाली होत राहिला, तर भार वाढलेल्या क्षणी जेवढे मिळते त्याहून जास्त भार घटलेल्या क्षणी गमावले जाते. आता कोणताही डांबरी पृष्ठभाग जवळून पाहा. त्यावर लहरी असतात, सांधे असतात, दुरुस्तीची ठिगळे असतात, आणि ट्रॅकवर वळणाच्या आतल्या कडेला मुद्दाम चढायचे कर्ब असतात. अशा जागी गाडीचे अंग न हलवता चाकाला वर-खाली होऊ देणे हेच सस्पेन्शनचे काम. स्प्रिंग जितकी कडक, तितका प्रत्येक उंचवटा टायरच्या भारात चढउतार होऊन उमटतो. रस्त्यावर बसणारा गचका आणि ट्रॅकवर निसटणारी पकड यांचे मूळ एकच आहे. आराम देऊन वेग विकत घ्यायचा हा व्यवहार निदान या टप्प्यावर तरी होतच नाही, कारण आराम आणि पकड दोन्ही एकाच वेळी जातात.

किती कडक हे ठरवताना स्प्रिंगवर छापलेला आकडा एकटा काही सांगत नाही. चाक एक मिलिमीटर वर गेले तर स्प्रिंग किती दबते हे प्रत्येक रचनेत वेगळे असते, आणि या गुणोत्तराचा वर्ग लावल्यावर चाकाशी जाणवणारा खरा कडकपणा कळतो. टोयोटा ८६ ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, तिथे गुणोत्तर सुमारे ०.९५ आहे. मागच्या डबल विशबोनला ते सुमारे ०.७५ आहे. पुढे-मागे दोन्हीकडे ५ किलोची स्प्रिंग बसवली तर पुढच्या चाकाशी ४४ न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणा उरतो, मागे फक्त २८. प्रत्येक कोपऱ्यावर टेकलेल्या वजनाशी याचा मेळ घातला तर गाडीची नैसर्गिक दोलनसंख्या पुढे १.९ हर्ट्झ आणि मागे १.६ हर्ट्झ येते. साध्या प्रवासी गाडीत ती १ ते १.५ हर्ट्झ असते. मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते, की मागची दोलनसंख्या पुढच्यापेक्षा किंचित जास्त असली तर उंचवट्यावर उशिरा चढलेली मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते आणि गाडीचे डोलणे लवकर थांबते. दोन्हीकडे सारख्या स्प्रिंग घातलेली ही गाडी नेमके याच्या उलट वागते. मागे ७ किलोची स्प्रिंग घातली की दोन्ही टोके १.९ हर्ट्झला येतात. मागे ७ किलो ऐकून घाबरणारा आणि दोन्हीकडे १० किलो घालून मिरवणारा, दोघेही कागदावरचा आकडा वाचतात, चाकाशी काय पोचते ते वाचत नाहीत.

याच हिशेबात एक गोष्ट आहे जिच्याकडे फार दुर्लक्ष होते. उभ्या गाडीच्या वजनाने स्प्रिंग जेवढी दबते, साधारण तेवढेच अंतर चाक खाली जाईपर्यंत ती त्याला जमिनीकडे रेटू शकते. १.९ हर्ट्झला हे अंतर चाकाशी सुमारे ६८ मिलिमीटर असते. पुढे १० किलोची स्प्रिंग घातली की ते ३४ वर येते. खड्ड्यात उतरणाऱ्या, उतारावर हलक्या होणाऱ्या किंवा वळणाच्या आतल्या बाजूच्या चाकाला एवढे पुरत नाही, आणि चाक जमिनीवर टेकलेले दिसले तरी त्यामागे जोर नसतो. मागच्या धुरीवरून ओढणाऱ्या गाडीत आतले चाक असे सैल पडले की वळणातून बाहेर पडताना इंजिनाची ताकद ते चाक नुसते फिरवण्यातच जाते.

यावर पूर्वपक्ष म्हणेल, मग शर्यतीच्या गाड्या का कडक असतात? त्याचे उत्तर इतिहासात आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी लोटसने फॉर्म्युला वनमध्ये गाडीच्या तळाखालून हवा खेचून तिला जमिनीवर दाबायची युक्ती आणली. ही हवा नीट काम करायची तर तळ आणि रस्ता यांतले अंतर बदलता कामा नये. तळाच्या कडेची फट झाकणारे सरकते स्कर्ट १९८१ मध्ये बंद झाल्यावर संघांनी स्प्रिंग इतक्या कडक केल्या की सस्पेन्शन जवळजवळ हलेनासेच झाले. कडकपणा तिथे हवेच्या दाबासाठी लादलेली सक्ती होती. ही युक्ती आणणाऱ्या लोटसच्या कॉलिन चॅपमनलाच ही सक्ती खटकत होती. त्याच वर्षीच्या लोटस ८८ ला त्याने दोन सांगाडे दिले: हवेचा दाब घेणारा बाहेरचा सांगाडा कडक, आणि चालक व इंजिन असलेला आतला मऊ. गाडीवर बंदी आली, पण तिच्यामागचा विचार बोलका आहे. हाच माणूस १९६२ मध्ये लोटस एलान घेऊन आला होता, आणि मऊ स्प्रिंग व काटेकोर डँपर यांच्या जोडीसाठी त्या हलक्या गाडीची आजही वाखाणणी होते. हवेचा दाब नसलेल्या, रस्त्याचे टायर लावलेल्या गाडीने दाबावर चालणाऱ्या गाडीच्या सक्तीची नक्कल करण्यात काहीच अर्थ नाही.

आता एक आक्षेप असा आहे ज्यात खरेच दम आहे. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडी झुकली की बाहेरच्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभा कोन, बिघडतो, टायर खांद्यावर चालतो आणि पकड जाते. झुकाव कमी करणे म्हणून आवश्यक आहे, हे मी मान्य करतो. पण त्यासाठी स्प्रिंग हे पहिले हत्यार नसावे. उभ्या गाडीला पुढे अडीच-तीन अंश उलटा कॅम्बर देता येतो. झुकावावर अँटी-रोल बारने लगाम घालता येतो, आणि दोन्ही चाके एकदम उचलली तर बार आड येत नाही. फार जाड बार एका चाकाचा गचका दुसऱ्याकडे पोचवतो, म्हणून त्यालाही मर्यादा आहे. आणि झुकावाचा एक भाग तर लोक स्वतःच ओढवून घेतात. दिसायला छान म्हणून गाडी ५० मिलिमीटर खाली आणली की स्ट्रटच्या रचनेत रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्याभोवती झुकते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातो, दोघांतली तरफ लांबते, गाडी अधिक झुकायला पाहते, आणि मग तो झुकाव दाबायला आणखी कडक स्प्रिंग लागते. २०-२५ मिलिमीटरवर थांबले तर यातली बरीच स्प्रिंग लागणारच नाही.

डँपरवरच्या बटणाचाही दाखला दिला जातो: ट्रॅकवर बटण कडक करू, घरी जाताना मऊ करू, मग स्प्रिंग कडक असली म्हणून काय बिघडले? बिघडते असे, की बटणाने स्प्रिंग बदलत नाही. कडक स्प्रिंगची उसळी थोपवायला डँपरचा जोरही त्या प्रमाणात लागतो. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर सुमारे १.४ पट. बटण मऊ केले की उसळीला आवर घालणारेच ढिले पडते आणि गाडी प्रत्येक सांध्यावर नाचते. स्टिअरिंगला ताबडतोब प्रतिसाद हवा ही मागणी मात्र रास्त आहे. तो प्रतिसाद मोठ्या अंशी डँपरच्या दांड्याच्या संथ हालचालींतल्या जोरातून, टायरच्या भिंतीतून आणि बुशमधून येतो. म्हणून पैसा स्प्रिंगच्या आकड्यात न घालता चांगल्या डँपरमध्ये घालावा. संथ हालचालीला घट्ट आणि कर्बसारख्या वेगवान धक्क्याला सैल पडणारा डँपर बनवणे अवघड आहे, आणि कॉइलओव्हरची खरी किंमत तिथेच असते.

तरी मऊपणाचाही आग्रह धरता येत नाही. खाली आणलेल्या गाडीला कारखान्याच्या मऊ स्प्रिंग ठेवल्या तर ती वळणाच्या मध्यावर बंप स्टॉपरवर टेकते, त्या चाकाचा कडकपणा क्षणात अनेक पट होतो आणि तोल अवचित बदलतो. कडक स्प्रिंगच्या तोट्याहून हे धोकादायक आहे. शिवाय पृष्ठभागावर बरेच अवलंबून असते. न्यूरबर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा नॉर्डश्लाइफे उड्या, उतार आणि उंचवटे यांनी भरलेला आहे, तिथे मऊ बाजूला राहणारा जिंकतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या गुळगुळीत ट्रॅकवर थोडे कडक चालते. आपल्याकडून कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकला गाडी चालवत नेणाऱ्याला वाटेतल्या गतिरोधकांचाही विचार करावा लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, तोही ताशी २५ किलोमीटरसाठी, आणि गल्लीतले कित्येक याहून उभट असतात.

तेव्हा रस्त्याच्या टायरवरच्या टोयोटा ८६ सारख्या गाडीला माझ्या मते १.९ ते २.१ हर्ट्झ ही योग्य पट्टी आहे: पुढे ५-६ किलो, मागे ७-८ किलो. सेमी-स्लिक टायर आले तर वरचे टोक, आणि खरोखर दाब देणारे पंख आले तरच त्याच्या पलीकडे. हा आकडा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक डँपरच्या दांड्यावर एक केबल टाय बांधावा, ट्रॅकवर गाडी पूर्ण जोराने चालवावी आणि तो कुठपर्यंत सरकला ते पाहावे. टाय स्टॉपरच्या आत घुसला असेल तर आधी गाडी थोडी उचलावी, मग लागल्यास स्प्रिंग एका किलोने वाढवावी. स्टॉपरच्या दहा-पंधरा मिलिमीटर अलीकडे थांबला असेल तर स्प्रिंगला हात लावू नये. आणि हातातला निम्मा प्रवास न वापरताच तो थांबत असेल, तर एक-दोन किलो कमी करून त्याच टायरवर, त्याच दिवशी पुन्हा वेळ घ्यावा.