दुखणे खरे, कारण अनिश्चित

कार्यकर्त्यांच्या साप्ताहिकात स्वतःच्या प्रकृतीविषयी लिहिणे हा एक प्रकारचा संकेतभंग आहे, याची मला जाणीव आहे. आपल्या चळवळीत उपोषणात घटलेले वजन सांगावे, तुरुंगात जडलेला आजार सांगावा. पण रात्री विनाकारण छाती धडधडते, हे मात्र सांगू नये, असा अलिखित नियम आहे. तो मी आज मोडतो आहे. गेल्या काही वर्षांत नांदेड आणि लातूर येथे भेटलेल्या जुन्या सहकाऱ्यांपैकी अनेकांनी, आवाज खाली आणून, मला हीच तक्रार सांगितली, हे त्याचे कारण.

माझे दुखणे असे. महिन्यातून दोन-तीनदा पहाटे एकाएकी जाग येते. छाती धडधडते, तीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, बोटांना मुंग्या येतात, पोटात गोळा उठतो. अर्ध्या तासाने सारे ओसरते आणि सकाळी मी इतरांइतकाच धडधाकट असतो. पहिल्या वेळी मुलाने तातडीने रुग्णालयात नेले. हृदयाचा आलेख निर्दोष निघाला. पुढील दोन वर्षांत आणखी तीन आलेख, दोनदा सोनोग्राफी, एकदा अँजिओग्राफी, एकदा दुर्बिणीतून पोटाची तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या तर कितीतरी. प्रत्येक अहवाल निर्दोष. एका तरुण डॉक्टरांनी कागद परत देताना म्हटले, "सर, तुम्हाला काहीही झालेले नाही." या वाक्याने मला दिलासा मिळायला हवा होता. प्रत्यक्षात मला अपमान वाटला, कारण काहीतरी होत होतेच.

ते काय होत होते, हे पुढे एका सरकारी मानसोपचारतज्ज्ञांनी वीस मिनिटे देऊन समजावले. भय वाटले की शरीर पळण्याची वा झुंजण्याची तयारी करते. अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते, नाडी वाढते, पचन मंदावते. श्वास जलद झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. भयाचे कारण समोर नसतानाही ही यंत्रणा चालू होऊ शकते. आणि त्या धडधडीचीच भीती बसली की एक चक्र तयार होते. म्हणजे दुखणे काल्पनिक नव्हते. सदोष अवयव तेवढा सापडत नव्हता.

मराठवाड्याला तरी हे नवे वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला, तेव्हा मी लातूरला अध्यापक होतो. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे गेली. विद्यार्थ्यांबरोबर मदतकार्यात असताना मी पाहिले की, ज्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता अशी माणसे औषधोपचाराच्या तंबूपुढे रांगेत उभी असत. कोणाला धडधड, कोणाचे हातपाय गळून गेलेले, कोणाची अन्नावरची वासना उडालेली. घर शाबूत असूनही लोक कितीतरी दिवस आत निजेनात. त्यांना भित्रे म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही, कारण भीतीचे कारण सर्वांच्या डोळ्यांपुढे होते.

पुढे २००६ नंतर काही वर्षे नांदेड शहरात जमिनीखालून आवाज येत आणि सूक्ष्म धक्के बसत. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरीने तेच अनुभवले. १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात उगम पावलेला धक्का नांदेडपर्यंत जाणवला. धक्के मध्यम वा किरकोळ होते, हे यंत्रे सांगत होती आणि ते खरेच होते. तरी लोक घराबाहेर धावले, कारण किल्लारी त्यांच्या स्मरणात होती.

भूकंपग्रस्ताला मिळते ती सहानुभूती कर्जाच्या हप्त्याने ज्याची झोप उडाली त्याला मिळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात रात्री-अपरात्री टँकरची वाट पाहणाऱ्या बाईची डोकेदुखी कोणत्या अहवालात आली? २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात शेतकऱ्याला त्याहून कमी भावाने माल घालावा लागत होता. त्याच्या पोटात उठणाऱ्या गोळ्याचे निदान बहुधा पित्त असेच होते. 'नीट'च्या शिकवणीसाठी मराठवाड्यातून लातूरला येऊन राहिलेल्या मुलामुलींना चाचणीच्या दिवशीच नेमकी उलटी का होते, हा प्रश्न शिकवणीवाल्यांनी नाही तरी पालकांनी स्वतःला विचारावा.

येथे आपल्या विचारांच्या माणसाला एक सोपी वाट खुणावते. समाजव्यवस्था बदला, म्हणजे धडधड आपोआप थांबेल. मला हे अर्धसत्य वाटते. माझे निवृत्तिवेतन नियमित येते, डोक्यावर कर्ज नाही, मुले मार्गी लागली आहेत. तरी पहाटे जाग येतेच. तिचा संबंध किल्लारीशी जोडण्याचा मोहही मी आवरतो, कारण त्यानंतर वीसेक वर्षे मी निवांत झोपलो. कारण चिंता असावी, असे डॉक्टर म्हणतात. 'असावी' हा शब्द मी सोडू इच्छित नाही.

तो सोडला की दुसऱ्या बाजूने अन्याय होतो. अंगावर धाप लागते, थकवा जात नाही, असे सांगणाऱ्या स्त्रीला "मनाला लावून घेऊ नका" असे सांगून वाटेला लावले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. त्यांची धडधड मनाची ठरवण्याआधी हिमोग्लोबिन पाहिले पाहिजे. श्रमाने वाढणारी छातीची कळ, हाताकडे वा जबड्याकडे जाणारी वेदना, घटते वजन, रक्तस्राव यांना चिंता समजून घरी बसणे घातक आहे.

अशा अनिश्चिततेत बाजार काय करतो? केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले की, आजाराची अनिश्चितता आणि डॉक्टर व रुग्ण यांच्या ज्ञानातील तफावत यांमुळे वैद्यकीय सेवा ही इतर मालासारखी खरेदी-विक्रीची वस्तू राहत नाही. मी हे तीस वर्षे वर्गात शिकवले आणि स्वतःवर वेळ येताच एकामागून एक चाचण्या विकत घेत गेलो. प्रत्येक चाचणी पंधरा दिवसांची निश्चिंती देई. मग पुन्हा शंका. चाचणीला दर आहे, डॉक्टरच्या वीस मिनिटांना नाही. म्हणून बाजारात चाचणी मुबलक आणि वेळ दुर्मिळ. मला हा खर्च झेपला. शेतमजूर मात्र पहिल्या तपासणीतच कर्जबाजारी होतो, नाहीतर भोंदूच्या दारी जातो; कारण त्याचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा अनेकदा तो भोंदूच असतो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्याची जिल्हा योजना १९९६ ची. २०१७ च्या कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क प्रत्येकाला दिला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्ला मिळू लागला. कागद पुष्कळ आहेत. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष मोजला, त्यात आरोग्यसेवाही होत्या. आज तो मोजायचा तर खाटा आणि इमारती मोजून भागणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर एका रुग्णाचे किती मिनिटे ऐकू शकतो, हे मोजावे लागेल. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात ठरलेल्या वारी समुपदेशक बसावा, ही मागणी आपल्या निवेदनांत रस्ते-पाण्याच्या बरोबरीने आली पाहिजे.

आणि एक काम निवेदनाशिवाय होण्याजोगे आहे. मनाच्या तक्रारी म्हणजे खात्यापित्या वर्गाचे चोचले, असे आपण वर्षानुवर्षे मानले. मीही सभांतून तसे बोललो आहे. त्यामुळे आपल्यातले कितीजण गप्प राहिले, कोण जाणे. माझी पहाट अजूनही अधूनमधून मोडते. आता मी उठून बसतो, श्वास सावकाश सोडतो आणि अर्धा तास जाऊ देतो. हे शिकवणारा मला भेटला, कारण एकदा मी लाज सोडून बोललो. पुढच्या बैठकीला एखादा सहकारी ओढलेल्या चेहऱ्याने आला, तर अहवालाची प्रत मागण्याआधी त्याला झोप लागते का, एवढे विचारावे.