विद्यार्थ्यांना झाडू नको, हक्काचे काम द्या!

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आता समाजसेवाही गुणपत्रिकेवर येऊ लागली आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्याने आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही लागू केले. त्यानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात समाज सहभाग, क्षेत्रीय प्रकल्प आणि राष्ट्रीय सेवा योजना यांसारख्या उपक्रमांना श्रेयांक जोडले गेले. अशा कामाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. दोन श्रेयांक हवे असतील तर विद्यार्थ्याने साठ तास समाजात जाऊन काम करायचे. एवढे मोठे तरुण मनुष्यबळ महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर पडणार आहे. ते कुणाच्या दारात जाणार, काय करणार आणि हे ठरवणार कोण? हा प्रश्न फुले-शाहू-आंबेडकरी चळवळीने आजच विचारला पाहिजे.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. आज देशभरात तिचे स्वयंसेवक चाळीस लाखांच्या आसपास आहेत. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर करायचे, अशी तिची रचना आहे. या स्वयंसेवकांनी रक्तदान शिबिरे भरवली, झाडे लावली, आपत्तीत मदतीला धावले. ते काम वाया गेले असे कुणी म्हणणार नाही. पण शिबिराचा साचा कसा असतो? उद्घाटनाला संस्थाचालक आणि सरपंच, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, शेवटी समारोप आणि फोटो. ग्रामपंचायतीचे अंगण लख्ख होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीत फेरी निघते तीही स्वच्छतेचा आणि व्यसनमुक्तीचा उपदेश करायला! वस्तीत नळ का आला नाही, स्मशानभूमीला रस्ता का नाही, वस्तीच्या नावाने आलेला निधी कुठे मुरला, हे विचारणारे शिबिर शोधावे लागते. तसे करणारे काही कार्यक्रम अधिकारी आहेत, त्यांना मानाचा जयभीम. पण ते अपवाद आहेत.

हा वाद नवा नाही. १९३२ मध्ये पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था निघाली आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली, तिचे सरचिटणीस अ. वि. ठक्कर यांना बाबासाहेबांनी विलायतेच्या प्रवासात बोटीवरून एक सविस्तर पत्र लिहिले. त्यात त्यांनी कामाच्या दोन पद्धती मांडल्या. एक पद्धत मानते की माणसाच्या दुःखाचे कारण त्याच्याच वागणुकीत आहे. म्हणून ती दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये यांवर भर देते. दुसरी मानते की कारण त्याच्या परिस्थितीत आहे. म्हणून ती परिस्थिती बदलायला निघते. बाबासाहेबांनी सांगितले की संस्थेने आपली शक्ती दुसऱ्या पद्धतीवर लावावी. गावच्या विहिरीवर पाणी भरण्याचा, शाळेत बसण्याचा, चावडीवर जाण्याचा नागरी हक्क मिळवून देण्याची मोहीम काढावी. या पत्राची साधी पोचही आली नाही, असे त्यांनीच पुढे १९४५ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. आजची शिबिरे बहुतांशी त्या पहिल्याच पद्धतीने चालली आहेत. माणसाला सुधारायचे, व्यवस्थेला मात्र हात लावायचा नाही!

झाडूचेच पाहा. ज्याच्या घरात कुणी कधी झाडू हातात धरला नाही, त्या विद्यार्थ्याने एक दिवस रस्ता झाडला तर त्याचे कौतुक होते. ज्याचे आईवडील रोज पहाटे शहर झाडायला जातात, त्याच्या हाती महाविद्यालय पुन्हा झाडूच देते आणि त्याला सेवा म्हणते. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला, तरी गटारांत माणसे गुदमरून मरत आहेत. सफाई कामगाराला हातमोजे मिळतात का, कंत्राटदार किमान वेतन देतो का, याची पाहणी स्वच्छतेच्या कार्यक्रमात कधी येणार?

दुसरा प्रश्न वेळेचा. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी दुकानात किंवा डिलिव्हरीच्या कामावर जाणाऱ्या मुलाने हे फुकटचे तास आणायचे कुठून? त्याने एका दिवसाची मजुरी सोडली तर घरची चूल अडते. आणि आपली मुले समाजासाठी काहीच करत नाहीत का? विहारात लहान मुलांची शिकवणी कोण घेते? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर येणाऱ्या जनसागराला पाणी, औषध, वाट दाखवणे हे कोण करते? फुले-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा असे सांगून त्या वह्या गरीब मुलांपर्यंत कोण पोचवते? हे सारे आपली मुलेच करतात. पण त्याची नोंद नाही, म्हणून श्रेयांकही नाही. परक्या वस्तीत जाऊन फोटो काढला की ती सेवा, आणि स्वतःच्या वस्तीत वर्षभर शिकवले तर ते घरचे काम, हा कुठला न्याय?

मग हक्काचे काम म्हणजे काय? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी दलित वस्ती सुधार योजनेचा पैसा आपल्या दत्तक गावात किती आला आणि कशावर खर्च झाला याचा हिशेब २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवावा आणि वस्तीत जाऊन रस्ता, गटार, समाजमंदिर डोळ्यांनी पाहावे. संगणक शिकणाऱ्यांनी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेची माहिती द्यावी. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी जातीच्या दाखल्यासाठी आणि वैधता प्रमाणपत्रासाठी कोणते जुने पुरावे चालतात ते घरोघर सांगावे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तो किती गावांच्या दप्तरात उतरला, याची पाहणी समाजशास्त्राच्या वर्गाने करावी. यात ज्ञान आहे, संघर्ष आहे आणि समाजाचा प्रत्यक्ष फायदाही आहे.

यासाठी चळवळीला दोन कामे करावी लागतील. पहिले, विद्यापीठांकडे मागणी. कष्टकरी विद्यार्थ्याला स्वतःच्या वस्तीत, सुट्टीच्या दिवशी काम करण्याची मुभा मिळावी. विहारातील अभ्यासिकेतले तास ग्राह्य धरावेत. पाहणीचा अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात न ठेवता ग्रामसभेपुढे वाचावा. वस्ती ही कुणाच्या गुणांची प्रयोगशाळा नव्हे! दुसरे काम आपल्याच घरचे आहे. आपल्या संस्था, विहार समित्या, वाचनालये यांनी कामाचे नियोजन लेखी करावे, हजेरीची वही ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे जाऊन सांगावे की आमच्याकडे पन्नास विद्यार्थ्यांना पुरेल एवढे काम आहे. जयंतीच्या मिरवणुकीचे नियोजन आपण महिनाभर आधी करतो, मग हे का जमू नये?

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा श्रेयांक नव्हते, शासनाचा निर्णयही नव्हता. समाजाला काय हवे हे ओळखून काम उभे राहिले. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी आपली निराशा केल्याची खंत जाहीरपणे बोलून दाखवली. आज शासन स्वतःच विद्यार्थ्याला समाजात पाठवत आहे. तो वस्तीत झाडू घेऊन येणार की माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन, हे आपण ठरवले नाही तर दुसरे कुणी ठरवेल. जय भीम!