एक स्टड तुटला, म्हणून अख्खा हब?

मालेगावहून भिवंडीला तागे नेणाऱ्या आमच्या टेम्पोच्या मागच्या चाकाचा एक स्टड तुटला. कंपनीच्या वर्कशॉपने अख्ख्या हबचा खर्च सांगितला. नाक्यावरच्या मिस्त्रीने ड्रम उतरवून तुटका स्टड ठोकून काढला; नवा मागून घालून नट-वॉशरने ओढून बसवला. तासाभराचे काम!

व्यापारी बांधवांनो, हबचे भोक शाबूत असेल तर हब कशाला बदलायचा? मात्र स्टड त्याच मापाचा, अस्सल घ्या. वेल्डिंग करू नका. तुटक्या स्टडवर माल लादू नका, बाकीच्या स्टडांवर ताण येतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला विचारा. एरवी दोन ठिकाणी भाव काढा. कापड घेताना आपण तेच करतो ना?