आभार की प्रदर्शन?

समारंभाच्या शेवटी आपल्याकडे जो एक विधी होतो, त्याला 'आभारप्रदर्शन' म्हणतात. हा शब्द ज्याने कोणी घडवला, त्याला माझा दंडवत! पुढचे सारे त्याला आधीच दिसले असावे. आभार मानायचे तर माणसाला थोडे वाकावे लागते. प्रदर्शन मांडायचे तर छाती पुढे काढावी लागते. ही दोन्ही कामे एकाच वेळी करण्याची किमया आपल्या व्यासपीठांनी साधली आहे, आणि तिचे प्रयोग सर्वांत जास्त कोठे होत असतील तर ते खेड्यापाड्यांतल्या सरकारी प्राथमिक शाळांत.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका जिल्हा परिषदेच्या शाळेत जाण्याचा योग आला. गावाचे नाव सांगत नाही, कारण माझा रोख त्या गावावर नाही. कोणा एका सधन गृहस्थांनी मुलांना दप्तरे दिली होती आणि त्यांचे आभार मानण्याचा कार्यक्रम होता. वेळ दहाची. मुले साडेनऊपासून मैदानात ओळीने बसलेली. पाहुणे बाराला आले. तोवर सावली सरकून भिंतीला गेली होती आणि मुले उन्हात आली होती. मग दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. एकामागून एक, व्यासपीठावरच्या प्रत्येकाला.

दप्तरे चांगली होती. त्यांच्यावर दात्याचे नाव ठसठशीत छापलेले होते. मुलाचे नाव लिहायला मात्र जागा नव्हती. एकेका मुलाने वर यायचे, दप्तर घ्यायचे, छायाचित्रकाराकडे पाहायचे आणि खाली उतरायचे. तिसरीतली एक मुलगी दप्तर हाती येताच त्याच्याकडेच पाहत राहिली. छायाचित्र बिघडले. तेव्हा तिच्या हातातले दप्तर परत घेतले, तिला खांद्याला धरून वळवले आणि तेच दप्तर तिला पुन्हा देण्यात आले. टाळ्याही पुन्हा झाल्या.

शेवटी आभार. मी नावे मोजली, तेवीस होती. मंडपवाल्याचे होते, ध्वनिक्षेपकवाल्याचेही होते. शाळेच्या मागे पत्र्याच्या आडोशाला सकाळपासून धुरात बसून खिचडी शिजवणाऱ्या दोन बायांची नावे त्यांत नव्हती. कुंपणाचे खांब स्वतः खड्डे खणून रोवणारी गावातली पोरे त्यांत नव्हती. मागे पडलेल्या मुलांना रोज संध्याकाळी तासभर गणित शिकवणारे एक निवृत्त गुरुजी शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांचेही नाव नव्हते. ही माणसे कोणाच्या लक्षातच आली नाहीत, कारण ती रोजच तेथे असतात.

कोणी म्हणेल, एवढ्या तेवढ्यावरून दिवाळीच्या दिवसांत कशाला तोंड कडू करता? चार माणसे शाळेला मदत करतात, त्यांचे कौतुक झाले तर बिघडले कोठे? वाचकहो, मदतीला माझी हरकत नाही. उलट माझे म्हणणे असे की, मदत करणाऱ्यांचे आभार आपण अजून मानलेलेच नाहीत. जे मानतो ते भलत्यांचे, भलत्या रीतीने; आणि त्या गोंगाटात एक गोष्ट बेमालूम विसरली जाते. शाळा हा मुलांचा हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नाही.

महाराष्ट्रातली शाळा लोकांच्या हातांवर उभी राहिली, हे कोण नाकारील? १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, ती तात्यासाहेब भिड्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, गळ्यातल्या मंगळसूत्रासकट, दिले. रयतेने काय दिले? मूठमूठ धान्य. रोजच्या दळणातून बाईने एक मूठ बाजूला काढायची आणि साठलेले धान्य वसतिगृहाला द्यायचे. हाच तो मुष्टिफंड. आता सांगा, ज्वारीच्या मुठीवर नाव कसे छापणार? शंभर घरांची ज्वारी एका पोत्यात पडली की तिचे दाणे कोण वेगळे करणार? त्या मुठींनी किती पोरे शिकली! आणि त्या बायांपैकी एकीलाही शाल मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजची गोष्ट तर घरोघर माहीत असेल. हे कॉलेज १९४७ साली निघाले. भरघोस देणगी देतो, कॉलेजला आमचे नाव द्या, असा प्रस्ताव आला आणि पैशाची कायम ओढाताण असलेल्या भाऊरावांनी तो धुडकावला, असे आजही सांगतात. देणगी त्यांनाही हवी होती. पण नाव ही विकायची वस्तू नाही, हे त्यांना कळत होते.

आणि आज? सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने 'दत्तक शाळा' योजना काढली. दात्याने पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यावी, रोख रक्कम न देता वस्तू आणि सेवा पुरवाव्यात, आणि ठरावीक मोलाची मदत दिली की त्याने सुचवलेले नाव शाळेच्या नावाला जोडता यावे, अशी ही सोय. दत्तक! शब्द किती जिव्हाळ्याचा! पण दत्तकाचा अर्थ आपल्या घरातल्या कोणत्याही आजीला विचारा. दत्तक म्हणजे दिलेले मूल. घेणारा समजला, देणारा कोण? देणारा बाप जिवंत आहे, धडधाकट आहे आणि देशातल्या राज्यांत सर्वांत मोठी अर्थव्यवस्था आपली म्हणून मिरवतो आहे. असा बाप आपले लेकरू शेजाऱ्याच्या ओटीत घालतो आणि वर त्याचे नाव बदलायचीही मुभा देतो, तेव्हा त्याच्या वात्सल्याविषयी काय बोलावे?

पुन्हा, जे लेकरू द्यायचे ते बापाचे एकट्याचे आहे कोठे? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच मांडले होते. सरकारचा महसूल बव्हंशी रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. तेव्हा निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला, पण मुलाला उपकृत केले नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढल्या वर्षी ते फेटाळले गेले. त्यानंतर २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकापासून मोजली तर नव्याण्णव वर्षे! आणि शंभराव्या वर्षी आपण त्या हक्काच्या पाठीवर कोणा भल्या गृहस्थाचे नाव छापून मोकळे झालो.

या शाळांचा पैसा कोणाचा, याचाही हिशेब होऊन जाऊ द्या. २००४ पासून केंद्र सरकारने करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसवला. त्याची रूपे बदलत गेली. प्राप्तिकरावर आज तो आरोग्य आणि शिक्षण उपकर म्हणून ४ टक्के आहे. प्राप्तिकर न भरणारा शेतमजूरही साबणाच्या वडीवर, मुलाच्या चपलेवर कर भरतोच. म्हणजे उन्हात बसवलेल्या त्या मुलांचे आईबाप हे शाळेचे पहिले देणगीदार. त्यांची पोरे दुसऱ्या देणगीदारासाठी अडीच तास ताटकळत होती!

आता खरा आक्षेप. लोक म्हणतात, तत्त्वे राहू द्या. छप्पर गळते आहे. नाव घेऊन का होईना कोणी पत्रे घालत असेल तर मुले कोरडी राहतील. मुलांना भिजवून तुमचे तत्त्व कोरडे ठेवायचे का?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उडवून लावण्याचा माझा विचार नाही. पत्रे घालू द्या, आजच घालू द्या. पण एक पाहा. ज्याला नाव हवे असते, तो नाव दिसेल तेथेच जातो. हमरस्त्यावरच्या, मोटार दारापर्यंत जाणाऱ्या शाळेला चार दाते भेटतात. डोंगराआडच्या पाड्यावर बारा मुलांची शाळा असते. तेथे छायाचित्रकार चढत नाही, म्हणून दाताही चढत नाही. पहिल्या शाळेला दुसरा दूरचित्रवाणी संच मिळतो, दुसरीला पहिला खडू मिळत नाही. आणि नेमक्या अशाच शाळांकडे हिशेबनिसांचे लक्ष आधी जाते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' कराव्यात, हा विचार याच २०२३ सालच्या सप्टेंबरात पुढे आला. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, हा आपल्याच राज्याचा नियम. पाड्यावरची शाळा मिटली तर तिसरीतली मुलगी ओढा ओलांडून जाईल की घरी धाकट्याला सांभाळील, हे सांगायला ज्योतिषी नको. दान दात्याच्या मर्जीने फिरते. कराचा पैसा नियमाने पोचावा लागतो, आणि पोचला नाही तर जाब विचारता येतो. दात्याला जाब कोण विचारणार? त्याला नारळ देतात.

या साऱ्यांत आपण तुम्ही-आम्हीही आहोत. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या आपल्यातल्या पुष्कळांनी पहिली बाराखडी याच शाळांत गिरवली. नंतर आपली मुले आपण बसमधून लांबच्या इंग्रजी शाळेत धाडली. त्यात कोणी गुन्हा केला असे मी म्हणत नाही. पण जुने कपडे आणि अर्ध्या कोऱ्या वह्या घेऊन वर्षातून एकदा त्या जुन्या शाळेत जायचे आणि गहिवरून परतायचे, याला ऋण फेडणे म्हणत नाहीत.

मग आभार मानायचे तरी कसे? माझ्या मते पहिला आभार म्हणजे हिशेब. आलेली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक मूठ नोंदवहीत लिहावी आणि ती नोंद ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. त्या समितीतल्या एखाद्या आईने ही वही वाचावी. ज्याचे दान खरे आहे, त्याला याहून मोठा मान नको असतो. त्याच वाचनात सरकारकडून काय यायचे होते आणि काय आले नाही, हेही वाचावे. म्हणजे दात्याची मदत सरकारची चूक झाकायला वापरली जाणार नाही.

दुसरे, वेळ देणाऱ्याला वस्तू देणाऱ्याच्या वर बसवावे. दप्तर एकदा देता येते. गणित रोज शिकवावे लागते.

आणि तिसरे, जिला मोबदला देणे लागतो तिला 'सेवाभावी' म्हणून गौरवू नये. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांत शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला. ते शिजवते कोण? या स्वयंपाकी-मदतनीस बायांना केंद्राच्या निकषाने २००९ साली महिना १,००० रुपये ठरले, तेही वर्षातल्या दहा महिन्यांचे. राज्याने पुढे त्यात आपली भर घातली, तरी एवढ्यात घर चालते का, हे आपल्या घरात ज्या कोणी महिन्याचा किराणा भरतात त्यांनीच सांगावे. त्यांना शाल नको. पुरेसे मानधन द्या आणि ते वेळेवर द्या.

त्या दिवशी पाहुण्यांच्या मोटारी गेल्या तेव्हा दीड वाजला होता. खिचडी निवली होती. बायांनी ती पुन्हा चुलीवर चढवली. मुले ताटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. ती तिसरीतली मुलगी नवे दप्तर कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवून धावत आली. वाढणाऱ्या बाईने तिला नावाने हाक मारली, "तुला तिखट लागतं ना? थांब, वरची काढते," म्हणाली आणि पातेल्यातली वरची खिचडी तिच्या ताटलीत घातली. इतक्या वेळात त्या मुलीला नावाने हाक मारणारे दुसरे कोणी मला दिसले नव्हते.

दिवाळीची सुटी संपली की शाळा पुन्हा भरतील. तुमच्या जवळच्या शाळेत एकदा जा. हारतुरे नेऊ नका. मागच्या दाराने आत शिरा आणि चुलीपाशी बसलेल्या बाईला तिचे नाव विचारा.