पहिल्याच दाबाला धरणारा ब्रेक

मोटारगाडी किती वेगाने पळते हे सांगताना मालकाचे डोळे चमकतात. ती किती अंतरात थांबते हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि कोणी विचारीतही नाही. गेल्या डिसेंबरात इंदूरला एका स्नेह्यांकडे आमचा मुक्काम होता, त्या वेळी या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर आला. आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या दारी जुनी स्पोर्ट्स मोटार उभी असेल, हे आम्ही जाणतो. परंतु मोटारसायकल किंवा टेम्पो ज्या आळीत नाही अशी आळी आता खेड्यातही क्वचितच सापडेल; आणि ब्रेक सर्वांनाच लागतात.

इंदुरास मोटारींचा शोक जुना आहे. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीवर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून दोन आसनांची डौलदार बांधणी करवून घेतली होती. ती गाडी आजही जगातील जाणत्यांच्या आदराचा विषय आहे. आमच्या स्नेह्यांची गाडी अर्थात राजाची नव्हे. ती आहे विलायतेत 1962 ते 1980 या काळात निघालेल्या ट्रायम्फ स्पिटफायर जातीची. मद्रासेस 1961 पासून तयार होऊ लागलेल्या स्टँडर्ड हेराल्डची ती नात्याने बहीणच. म्हणून जुन्या मिस्त्रींना ती परकी वाटत नाही. पुढील चाकांना डिस्क ब्रेक व मागील चाकांना ड्रम ब्रेक अशी तिची रचना आहे.

स्नेह्यांनी त्या गाडीला नुकतेच नवे ब्रेक पॅड बसविले होते. ते शर्यतीच्या गाड्यांसाठी बनविलेले होते व त्यांची किंमतही तशीच भारी होती. "शर्यतीत जे टिकते ते रस्त्यावर अधिकच चांगले टिकेल," असा त्यांचा हिशेब होता. वरवर पाहता त्यात काही चूक दिसत नाही. आम्हांसही ती दिसली नव्हती.

एके दिवशी सकाळी सात वाजता आम्ही उभयता त्या गाडीतून खजरान्याकडे निघालो. खजराना हे एके काळी शहराबाहेरचे गाव. आता शहराने ते पोटात घेतले आहे. गणपतीचे देऊळ तेथे, नाहरशाह वलींचा दर्गाही तेथेच. त्यामुळे फुले व प्रसाद विकणारे, रिक्षावाले, भाविक आणि शाळेची मुले यांची त्या वाटांवर पहाटेपासून वर्दळ असते. थंडी कडाक्याची होती. रस्ता मोकळा मिळाल्याने घरापासून तेथवर ब्रेकला पाय लावण्याची वेळ आली नव्हती. देवळाकडील वळणावर झेंडूच्या फुलांची टोपली मागे बांधलेला दहा-बारा वर्षांचा एक मुलगा सायकलवरून एकाएकी आडवा आला. स्नेह्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबेना! पायाखाली दगड असावा तसा ब्रेक कठीण लागत होता आणि गाडी पुढेच सरकत होती. त्यांनी सारा जोर लावला, तेव्हा कोठे ती मुलापासून हातभर अंतरावर उभी राहिली. मुलगा हसून निघून गेला. आम्ही दोघे मात्र बराच वेळ एकमेकांशी बोलू शकलो नाही.

तेथून जवळच एका वृद्ध उस्तादांचे लहानसे गॅरेज आहे. स्नेही त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी चाक उतरविले, पॅड काढून हातात फिरवून पाहिला आणि आपल्या हिंदीत ते जे बोलले त्याचा मथितार्थ असा: "हा माल वाईट नाही, बेटा. पण याला आधी आग पाहिजे. आणि तुझ्या रस्त्यावर आग कोठे आहे?"

त्यांच्या बोलण्याचा उलगडा असा आहे. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात. त्या घर्षणाने गाडीच्या गतीची उष्णता होते व गाडी थांबते. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर 40 च्या वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे 9 मीटरांत थांबत असेल, तर 80 च्या वेगाने तिला सुमारे 36 मीटर लागतात. पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत गेलेले अंतर आणखी निराळे. शर्यतीत हे थांबणे मिनिटामिनिटाला होते, म्हणून तबकडी शेकडो अंशांपर्यंत तापते. त्या दाहात साधा पॅड निसटू लागतो. शर्यतीचा पॅड मात्र तेथेच उत्तम धरतो. परंतु थंड असताना तो पुरता धरीत नाही, किंचाळतो, आणि जुन्या गाडीची दुर्मिळ तबकडीही लवकर झिजवितो. त्यातून स्नेह्यांच्या गाडीला हल्लीच्या मोटारींप्रमाणे पायाच्या जोराला मदत करणारे यंत्र नाही. सारा भार पायावरच.

ही विद्या तशी बैलगाडीच्या जवळचीच आहे. इंग्लंडात डर्बीशरच्या डोंगरी भागात उतारावर गाड्यांच्या लाकडी ब्रेकला शेतकरी जुने बूट बांधीत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड यांना 1897 च्या सुमारास ब्रेकच्या अस्तराची कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे अस्तरात अॅस्बेस्टॉस आले. ते उष्णता सोसते खरे, पण त्याच्या धुळीने फुप्फुसाचे असाध्य रोग होतात. म्हणून जुन्या गाडीचा ब्रेक उघडताना ती धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

मग रस्त्यासाठी पॅड कोणता? चाचांचा सल्ला असा की, हलक्या जुन्या गाडीला तंतू व राळ यांपासून केलेला मऊ पॅड बहुधा पुरतो; घाटातून वारंवार जाणे असेल तर धातूची पूड मिसळलेला मध्यम जातीचा घ्यावा. पुष्कळ पॅडांच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले साधारण उष्णतेतील पकड सांगते, दुसरे अधिक तापल्यावरची. 'ई' म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45 आणि 'जी' म्हणजे 0.45 ते 0.55. दोन्ही अक्षरे 'एफ' असलेला पॅड रस्त्याच्या कामाला सामान्यतः चांगला. तथापि अक्षरांवरून पॅडची आयुर्मर्यादा कळत नाही. म्हणून खात्रीच्या दुकानातूनच तो घ्यावा.

पॅड नेहमी डाव्या व उजव्या चाकांना एकदमच बदलावेत, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. पुढचे ब्रेक फार जहाल व मागचे झिजलेले असे करू नये. पुढची चाके जागीच अडकली तर सुकाणू फिरवूनही गाडी वळत नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. 'डॉट 4' प्रतीचे ताजे तेल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. यास्तव दर दोन वर्षांनी ते बदलावे. नवा पॅड बसविल्यावर मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून मध्यम दाबाने, मधून मधून गाडी चालती ठेवून, वीस-पंचवीस वेळा वेग कमी करावा, म्हणजे तो तबकडीशी जुळतो. मग दाट वस्तीत जावे.

ड्यूसेनबर्गच्या त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत चालकापुढे एक दांडी असे. कोरडा रस्ता, पाऊस, हिम व बर्फ अशा तिच्या चार खुणा असत, आणि त्याप्रमाणे ब्रेकचा जोर कमी-अधिक करता येई. एवढी बलाढ्य गाडी बनविणाऱ्यांनीही आधी रस्त्याची चौकशी केली होती. आमच्या स्नेह्यांनी चौकशी केली ती शर्यतीच्या मैदानाची. गाडी मात्र खजरान्यात चालविली.

चार दिवसांनी त्यांनी साधे पॅड बसविले. किंमत पहिल्यांच्या निम्म्याहूनही कमी. पुन्हा त्याच थंडीत, त्याच वेळी आम्ही निघालो. वळणापूर्वी त्यांनी सहज पाय टेकविला आणि गाडी जागच्या जागी नम्रपणे उभी राहिली. रस्त्यावर कोणीही नव्हते, तरी ते तेथे क्षणभर थांबून राहिले. कशासाठी, हे आम्ही विचारले नाही.

वाचकहो, आपल्या घरच्या मुलाने मोटारसायकलला नवे पॅड आणले तर ते किती वेग सोसतील हे त्यास अवश्य विचारा. पण त्याआधी एवढे विचारा की, थंडीच्या सकाळी, आपल्याच आळीत, शेजाऱ्याचे मूल आडवे आले तर ते पहिल्याच दाबाला धरतील काय?